पेडलवरून ट्यूब ॲम्पचा आवाज: गेन एकाच पेडलवर लादू नका

ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटार ॲम्प) खुलतो तो आवाज वर नेल्यावर. गोव्यात शॅकवर किंवा लग्नाच्या मांडवात ते शक्य नसतं: उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी, आणि बऱ्याचदा गिटार थेट मिक्सरलाच जोडायची. मग काम पेडलांवर येतं.

क्रम असा लावा: गिटार, ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह (आवाजाची कडा फाडणारं पेडल), त्यानंतर बॉस ब्लूज ड्रायव्हरसारखं दुसरं ड्राइव्ह, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीसारखी घुमार), शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र). पॉवर सप्लाय आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा, घ्या. 9 व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक पेडलांत पिनचा मधला भाग ऋण असतो, तरी पेडलवरची खूण बघूनच लावा.

आता खरं काम. बहुतेक जण गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) घड्याळातल्या तीनच्या काट्यावर नेतात आणि आवाज चिरका, पातळ झाला की पेडललाच नावं ठेवतात. ट्यूब ॲम्पमध्ये विकृती (डिस्टॉर्शन, आवाजाचं फाटणं) टप्प्याटप्प्याने होते, प्रत्येक टप्प्यावर थोडी. म्हणून गेन दोन पेडलांत वाटा.

स्क्रीमर बंद ठेवून आधी दुसरं पेडल लावा. गिटारचा व्हॉल्यूम 10 वर. गेन दहाच्या काट्यापासून हळूहळू वर न्या. हलक्या हाताने छेडल्यावर तार स्वच्छ वाजली आणि जोरात स्ट्रम केल्यावर कडा फाटली, की थांबा. गिटारचा व्हॉल्यूम 6 वर आणला की आवाज स्वच्छ व्हायलाच हवा. होत नसेल तर गेन जास्त आहे, कमी करा. लेव्हल अशी ठेवा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी तितकीच राहील. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि मग सेटिंग फसतं.

मग स्क्रीमर चालू करा: ड्राइव्ह (म्हणजे त्याचा गेन) शून्य, टोन मध्यावर, लेव्हल दोन-तीनच्या काट्यावर, म्हणजे ती लेव्हलच दुसऱ्या पेडलला ढकलेल. हे पेडल खालचा बास कापतं आणि साधारण 720 हर्ट्झच्या आसपासचा मध्यभाग पुढे आणतं. त्यामुळे दुसऱ्या पेडलमध्ये जाड तारांचा चिखल होत नाही आणि सोलो बँडमध्ये बुडत नाही. दोन्ही पेडलांचा ड्राइव्ह वाढवलात तर नुसती भुणभुण हाती येईल.

कॅबिनेट सिम्युलेटर टाळू नका, यावर तडजोड नाही. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं सोडत नाही. मिक्सरचे स्पीकर मात्र सगळं सोडतात, म्हणूनच ड्राइव्ह माशीसारखं गुणगुणतं. गिटार ॲम्पमध्ये जोडत असाल तर सिम्युलेटर बंद ठेवा, नाहीतर स्पीकरची छाप दोनदा बसून आवाज घुसमटतो. मिक्सरवर 80 हर्ट्झला लो-कट (त्याखालचा बास कापणारं बटण) लावा. घरी हेडफोनवर ठरवलेला बास मोठ्या स्पीकरवर हमखास फुगतो; तो तिथेच, बँड वाजत असताना कमी करा.

पावसाळ्यात जॅक आणि नॉब करकरायला लागतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.