क्रश सँड घेताय की नुसती डस्ट?

बांधकामावर क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची, गाडी आली की खाली करण्याआधी मूठभर माल हातात घ्या. आपल्याकडची क्रश सँड बहुतेक काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. खडी फोडताना खाली उरणारी डस्ट आणि मुद्दाम तयार केलेली वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ढिगात दोन्ही सारख्याच करड्या दिसतात. वाळू तयार करणाऱ्या व्हीएसआय (व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर) मशीनमध्ये दगडावर दगड आपटून कण घनाकार होतात. नुसत्या डस्टमध्ये चपट्या, सुईसारख्या कपच्या जास्त असतात. त्या बोटांना टोचतात आणि काँक्रीटला पाणी जास्त मागतात. मग मिस्त्री पाणी वाढवतो आणि ताकद घटते.

दुसरी तपासणी बाटलीची. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ; जोरात हलवून दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला दगडाच्या बारीक पिठाचा थर जाडजूड दिसला तर माल धुतलेला नाही. हा फक्त अंदाज, कारण हा थर फुगीर बसतो. आयएस ३८३ या वाळू-खडीच्या भारतीय मानकात ७५ मायक्रॉनखालच्या पिठाची मर्यादा वजनावर आहे: क्रश सँडला १५ टक्के, नदीच्या वाळूला ३. नक्की आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून चाळणी करून घ्या.

ब्रासवर (१०० घनफुटांच्या मापाने) माल घेताना ओली वाळू फुगते हेही धरा, नाहीतर हवेचे पैसे जातात. प्लास्टरसाठी बारीक चाळलेली वाळू वेगळी मागवा. काँक्रीटचीच चाळून वापरू, असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला सरळ नाही म्हणा.