'इकुत'ला 'फॉलो' म्हणू नका, आणि माझी चूकही करू नका

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात, तिथल्या सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर इंडोनेशियन भाषा शिकत होते, तेव्हा एका मैत्रिणीशी माझी अदलाबदल ठरली होती. ती मला बहासा, म्हणजे इंडोनेशियन, शिकवायची, मी तिला इंग्रजी. मला ती 'म्बाक' म्हणायची, म्हणजे ताई. एलपीडीपी या सरकारी शिष्यवृत्तीसाठी तिला अर्ज करायचा होता, म्हणून इंग्रजीची घाई.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, 'टुमॉरो आय फॉलो द एक्झाम.' मग, 'कॅन आय फॉलो यू टू द मार्केट?' तुम्ही इंडोनेशियन मित्रमैत्रिणींना इंग्रजी शिकवायला घेतलंत, तर हे 'फॉलो' तुम्हालाही भेटणारच. याचं मूळ 'इकुत'. सोबत येणं, सामील होणं, हजर राहणं, भाग घेणं, एवढं सगळं हा एक शब्द पेलतो. 'आकू इकुत, या' म्हणजे मीपण येते हं. 'इकुत रापात' म्हणजे बैठकीला बसणं, 'इकुत उजियान' म्हणजे परीक्षा देणं. याचंच 'मङिकुती' झालं की त्याचा अर्थ शब्दकोशात 'फॉलो' मिळतो. इन्स्टाग्रामच्या इंडोनेशियन बटणावरही 'इकुती'च लिहिलेलं असतं, त्यामुळे ही जोडी दिवसभर डोळ्यांसमोर राहते. इंग्रजीत मात्र बाजारात सोबत यायला 'कम', बैठकीला 'अटेंड', स्पर्धेला 'टेक पार्ट'. 'फॉलो' म्हटलं की ऐकणाऱ्याला कुणीतरी पाठीमागून चालत येताना दिसतं.

इथपर्यंत मी बरोबर शिकवलं. परीक्षेपाशी घात झाला.

मी ठामपणे सांगितलं, 'फॉलो नाही, गिव्ह. आय विल गिव्ह द एक्झाम.' आपण परीक्षा देतो ना! भारतात सगळेच असं बोलतात, म्हणून मला शंकाही आली नाही. तिनं अर्जाच्या निबंधात इंग्रजीची परीक्षा 'दिल्याचं' माझ्या शब्दांत लिहिलं. तिच्या एका प्राध्यापकांनी मसुदा वाचून विचारलं, 'तू कुठे शिकवत होतीस?' ब्रिटिश-अमेरिकन इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक, विद्यार्थी ती 'टेक' करतो. मराठीत नेमकं उलट. विद्यार्थी देतो, शिक्षक घेतात. आरशात बघितल्यासारखी दोन्ही क्रियापदं जागा बदलतात. नीट बघा, कारण तुम्ही मराठीतून विचार करत असाल तर 'टेक' म्हणताना जीभ अडखळणारच. माझी अजून अडखळते. ती चूक अर्ज पाठवण्याआधी सापडली, पण माझ्यावर विश्वास टाकून लिहिलेलं ते वाक्य आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून स्पष्ट सांगते, एका शब्दाला एक अर्थ अशी कार्डं पाठ करून घेऊ नका. क्रियापद एकटं शिकवायचंच नाही, त्याच्या नामाला बांधून शिकवायचं. आणि 'मला इंग्रजी येतं' एवढ्या भांडवलावर कुणाचा अर्ज तपासू नका. पूर्व जावातल्या पारेला 'काम्पुंग इंगग्रिस' म्हणून इंग्रजी शिकवण्यांचं अख्खं गाव आहे. तिथं राहिलेल्या मुलांची भीड चेपते, हे मी पाहिलंय. पण समोरचाही 'इकुत'मधूनच विचार करणारा असला, तर 'फॉलो' कुणाच्या कानाला खटकत नाही.

घाबरू मात्र नका. महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी दिवसभरातले 'इकुत' वहीत मांडायचो आणि प्रत्येकापुढे इंग्रजी क्रियापद लिहायचो. तेवढ्यानं बराच फरक पडला.

एक 'इकुत' मात्र कोराच राहिला. कुणी गेलं की तिथे 'तुरुत बर्दुका चिता' म्हणतात. 'तुरुत' हा 'इकुत'चाच भाऊ, आणि 'दुका' म्हणजे आपलं दुःख. इंग्रजीतलं 'सॉरी' तिला फार लांबचं वाटायचं. आम्ही मराठीत काय म्हणतो, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत.' तिनं वहीतल्या त्या रिकाम्या जागी 'सहभागी' लिहून घेतलं, रोमन लिपीत.