फ्यूएल ट्रिम वाचून ईसीयू ट्यूनिंग: आधी चूक कुठल्या टेबलातली ते ठरवा

फ्यूएल ट्रिम म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोलमध्ये करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती. ट्रिम +१२ दिसते आहे ना, मग मॅफचं (हवा मोजणाऱ्या सेन्सरचं) टेबल सरसकट १२ टक्क्यांनी वाढव, हा सल्ला ट्यूनिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी देतंच. तसं केलं की ट्रिम शून्याजवळ येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण चूक इंजेक्टरची असेल आणि आपण ती हवेच्या टेबलात भरली असेल, तर ईसीयूला हवा खोटी दिसू लागते. लोड (इंजिनावरचा भार) त्याच हवेवरून काढला जातो आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) त्या लोडवरून उचललं जातं. हवा प्रत्यक्षाहून जास्त दाखवली तर टायमिंग विनाकारण मागे येतं. कमी दाखवली तर ते पुढे जातं, आणि भरल्या लोडला इंजिन नॉक करू (मिश्रण अवेळी पेटून ठोके देऊ) लागतं. म्हणून मी ट्रिमकडे चूक किती आहे याचं मोजमाप म्हणून बघतो. ते शून्य करण्याआधी चूक कुणाची हे कळलंच पाहिजे.

अधिक चिन्ह म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) निघतंय आणि ईसीयू पेट्रोल वाढवतोय. उणे म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), ईसीयू कमी करतोय. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाला बदलणारी) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून साठवलेली) ट्रिम नेहमी एकत्र वाचा. लाँग +८ आणि शॉर्ट −३ असेल तर खरी दुरुस्ती साधारण +५ आहे. एकटी शॉर्ट टर्म बघून निष्कर्ष काढू नका.

१. गाडी निरोगी आहे का ते बघा

मिसफायर, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळणारा एक्झॉस्ट, पडलेलं फ्यूएल प्रेशर यांपैकी काहीही असेल तर ट्यूनिंगला हात लावू नका. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपाशी पोचतो. एक्झॉस्टच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्ही वेळी सेन्सर ‘लीन’ म्हणतो आणि ईसीयू नको तिथे पेट्रोल ओततो. पी०१७१ किंवा पी०१७४ (मिश्रण फार लीन) कोड आलेली गाडी लॅपटॉपने दुरुस्त होत नसते.

२. लॉग घ्या

आरपीएम, दोन्ही ट्रिम, क्लोज्ड लूपची स्थिती (सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल सुधारतोय का), मॅफची फ्रीक्वेन्सी किंवा व्होल्टेज, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), इंजेक्टर पल्स (इंजेक्टर उघडा ठेवण्याची वेळ), बॅटरी व्होल्टेज, थ्रॉटल, कूलंट आणि इनटेकचं तापमान, पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) ड्यूटी. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर लाँग टर्म लर्निंग बंद ठेवा म्हणजे सगळी दुरुस्ती एकाच आकड्यात दिसते. नसेल तर सुरुवातीला लर्निंग रीसेट करा.

३. लॉगमधला कचरा काढा

क्लोज्ड लूप नसलेल्या ओळी, ८० अंशांखालचं कूलंट, थ्रॉटल हलत असतानाच्या ओळी, ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा फ्यूएल कट आणि त्यानंतरचे काही क्षण, हे सगळं काढा. पर्ज चालू असतानाच्या ओळीही काढा. ही वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरमधली पेट्रोलची वाफ इंजिनात येते तेव्हा ट्रिम उणे होते, आणि तिचा तुमच्या टेबलाशी काही संबंध नसतो. पर्ज न बघता लावलेली आयडलची (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाची) मॅफ कर्व्ह पुढच्या गरम दिवशी वेगळंच बोलते.

४. चूक कुणाची ते ठरवा

सगळ्यात जास्त मी इथेच अडायचो, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख हाच टप्पा दोन ओळींत उरकतात.

नेहमीचं चित्र असं असतं: आयडलला +१५, शांत क्रूझला (एकसारख्या वेगाने चालवताना) +४. संशयित तीन. व्हॅक्यूम लीक (मॅफने न मोजलेली, फटीतून आत येणारी हवा), इंजेक्टरचा डेड टाइम, किंवा मॅफ कर्व्हचा खालचा भाग. नुसत्या ट्रिमच्या आकड्यावरून तिघांत फरक करता येत नाही. फरक कळतो तो चूक कशाच्या मागे चालते हे बघितल्यावर.

आधी डेड टाइम समजून घ्या. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो खरोखर उघडेपर्यंत वेळ जातो, बंद होतानाही थोडा जातो. या दोन्हींचा हिशेब धरून ईसीयू प्रत्येक पल्समध्ये एक ठरावीक भर घालतो. हा आकडा व्होल्टेज पडलं की वाढतो. समजा टेबलात तो ०.१५ मिलिसेकंदाने कमी लिहिला आहे. आयडलला इंजिनाची खरी गरज १ मिलिसेकंद असेल तर तूट १५ टक्के. गरज २.५ मिलिसेकंद झाली की तीच तूट ६ टक्के, ५ मिलिसेकंदला ३ टक्के. टक्केवारी बदलत राहते, मिलिसेकंद तेवढेच राहतात. म्हणून प्रत्येक स्थिर बिंदूवर हा गुणाकार करा: डेड टाइम आणि ट्रिम वजा केलेली मूळ पल्स गुणिले ट्रिम. उत्तर सगळीकडे जवळपास सारखं आलं तर आधी इंजेक्टरचं डेड टाइम टेबल संशयात घ्या.

पण व्हॅक्यूम लीकही लोड वाढला की असाच विरघळतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, आरपीएम आयडलवरून २,५०० वर न्या आणि स्थिर धरा. इंजिनातून दर सेकंदाला जाणारी हवा कितीतरी वाढते, पण लोड नसल्यामुळे दर इंजेक्शनची पल्स जवळपास आयडलएवढीच राहते. लीकमधून येणारी हवा साधारण तेवढीच असते, एकूण हवेत तिचा वाटा घटतो, म्हणून लीक असेल तर ट्रिम झपकन खाली येते. डेड टाइमची चूक असेल तर पल्स बदललेलीच नाही, त्यामुळे ट्रिम होती तिथेच चिकटून राहते. या चाचणीला काही खर्च नाही. ती न करता इंजेक्टर डेटा बदलणाऱ्याचं काम मी तपासायलाही घेत नाही.

ट्रिम खाली आली तर आधी स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) करा. लीक सापडला नाही तरच मॅफकडे वळा. मॅफची चूक ग्रॅम प्रति सेकंदाच्या मागे चालते. तेवढीच हवा दोन वेगळ्या तऱ्हांनी गाठा: एकदा उभ्या गाडीत जास्त आरपीएमवर, एकदा कमी आरपीएमवर हलक्या लोडने चालवत. हवा सारखी आणि पल्स वेगळी असूनही ट्रिम सारखी राहिली, तर मॅफ कर्व्हचा तो बिंदू चुकला आहे. ट्रिम पल्सबरोबर हलली, तर पुन्हा इंजेक्टरकडे या.

सगळीकडे, आयडलपासून क्रूझपर्यंत, टक्केवारी सारखीच असेल तर प्रकरण सोपं आहे: इंजेक्टर फ्लोचा आकडा, फ्यूएल प्रेशर किंवा पेट्रोलच चुकीचं धरलंय. शुद्ध पेट्रोलचं स्टॉइक गुणोत्तर (पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलच्या किती पट वजनाची हवा लागते ते) १४.७, तर १० टक्के इथेनॉल असलेल्याचं साधारण १४.१. नुसता हा फरक ४ टक्के ट्रिम दाखवतो. प्रेशर १० टक्के पडलं तर फ्लो साधारण ५ टक्के पडतो, कारण फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

मॅफ नसलेल्या, मॅपवर चालणाऱ्या गाडीत हे चित्र वेगळं असतं. लीकमधून आलेली हवाही मॅनिफोल्डमधला दाब वाढवते आणि मॅप ती मोजतो. त्यामुळे ट्रिमऐवजी आयडलचे आरपीएम चढलेले दिसतात. अशा गाडीत ‘आयडलला ट्रिम जास्त म्हणजे लीकच’ हा नियम लावू नका. तिथे व्हीई टेबल (सिलिंडर हवेने किती भरतो त्याचं) आणि डेड टाइम आधी तपासा.

५. बदल करा

मॅफ किंवा व्हीई टेबलासाठी नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले (१ + ट्रिम ÷ १००). पण पहिल्या फेरीत निम्मीच दुरुस्ती घाला, मग पुन्हा लॉग घ्या. जिथे लॉगमध्ये मोजक्याच ओळी आहेत ते सेल (टेबलातली घरं) तसेच सोडा. एखाद्या सेलवर उंचवटा आणि शेजारी खड्डा झाला असेल तर कर्व्ह गुळगुळीत करा. हवा अशी उड्या मारत वाहत नाही. ±३ टक्क्यांच्या आत आल्यावर थांबा. त्याखालच्या फरकाचा पाठलाग म्हणजे रोजच्या हवामानाचा पाठलाग.

६. फुल थ्रॉटलला ट्रिम वापरू नका

नॅरोबँड (साधा ऑक्सिजन) सेन्सर फक्त लॅम्डा १, म्हणजे स्टॉइक मिश्रणाच्या आसपास बोलतो. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण मुद्दाम रिच ठेवलेलं असतं, आणि ते किती रिच हे त्याला सांगता येत नाही. तिथे वाइडबँड (मिश्रण नेमकं किती लीन-रिच ते मोजणारा सेन्सर) लावा, दुसरा मार्ग नाही. आणखी एक गोष्ट तपासा: काही ईसीयू शेवटच्या सेलची लाँग टर्म ट्रिम फुल थ्रॉटललाही लावतात. तशा गाडीत क्रूझला ट्रिम +८ राहिली असताना वाइडबँडवर फुल थ्रॉटल सेट केलं, तर लर्निंग रीसेट झाल्याबरोबर तीच गाडी तेवढी लीन धावेल. आधी क्रूझ जुळवा, मग फुल थ्रॉटल.

७. पडताळणी

लर्निंग बंद केलं असेल तर परत चालू करा, रीसेट करा आणि गाडी नेहमीसारखी वापरू द्या. मग थंड स्टार्टपासून गरम होईपर्यंतचा एक लॉग आणि दिवे, एसी, ब्लोअर सगळं चालू ठेवून आयडलचा एक लॉग घ्या. दुसऱ्या लॉगमध्ये व्होल्टेज पडताना ट्रिम वर सरकत असेल, तर डेड टाइम टेबलातल्या कमी व्होल्टेजच्या ओळींतले आकडे अजूनही हवे त्याहून लहान आहेत. मॅफला हात न लावता त्याच ओळी सुधारा.