ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते? आधी या चुका टाळा

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली की बहुतेक जण थेट अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणं) करायला जातात. पैसे खर्च होतात आणि पुढच्या सिग्नलला गाडी पुन्हा डावीकडे. अलाइनमेंट बिघडलं असेल तर गाडी ब्रेकला पाय न लावताही ओढते. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर पुढच्या दोन चाकांचे ब्रेक सारखे धरत नाहीयेत, असं समजून तपास सुरू करा.

त्याआधी चारही टायरची हवा बघा. रस्त्याचाही विचार करा: पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमधली गाडी थोडी डावीकडे जाणारच. सपाट, मोकळा रस्ता गाठा, मागे कुणी नाही याची खात्री करा आणि ३०-४० च्या वेगात ब्रेक दाबून बघा. स्टिअरिंग हलकं धरा, पण हात सोडू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गाडी डावीकडे ओढते म्हणून फक्त डावं चाक उघडलं जातं. खरं तर बऱ्याचदा डावा ब्रेक नीट चालत असतो आणि उजवा कमी धरत असतो. म्हणून दोन्ही चाकं उघडायला लावा आणि ब्रेकचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्या) शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच चाकातला आतला पॅड पार झिजलाय आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा आहे, असं दिसलं तर बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, गाइड पिन जाम झालेल्या असतात; कॅलिपर याच पिनांवर सरकतो. पिन बोटांनी आतबाहेर सहज सरकली पाहिजे. पाना लावून पिळावी लागत असेल तर आत गंज किंवा वाळलेलं ग्रीस आहे. पिनवर खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पिन आणि तिचं रबर बदला. आणि कृपा करून तिथे बेअरिंगचं साधं ग्रीस भरू देऊ नका. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं.

एकच चाक गरम होत असेल, पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहत असेल, तर गोष्ट वेगळी. इथे नवं कॅलिपर घ्यायची घाई होते. थांबा. गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर त्या कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर आत प्रेशर अडकलेलं होतं, आणि संशय होज पाइपवर, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीवर जातो. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. आतला थर सुटलेला असतो, त्यामुळे पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जातं पण मागे येत नाही. निपल सोडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा पिन जाम आहे. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला तरी होज खराब होतो. तो तारेने बांधून ठेवायला सांगा.

पैसे वाचवायला एकाच बाजूचे पॅड बदलू नका. पुढचे चारही पॅड एकदम. पॅडला ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर पुसून परत बसवू नका.

ब्रेक सगळे ठीक निघाले, तर लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघा. ते फाटले असतील तर ब्रेकच्या धक्क्याने आर्म सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) गळून लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) भिजलेत का, तेही बघून घ्या.

पावसाळ्यात चार दिवस उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि पहिले काही ब्रेक विचित्र लागतात. ते थोड्या अंतरात जातं. त्यासाठी काही उघडायची गरज नाही.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं.