पाय कडक वाटतोय, पण नेमका कुठं?

गुडघ्याखाली कृत्रिम पाय वापरणाऱ्या आणि नवीन फूट (म्हणजे त्या पायाचं खालचं पाऊल) बसवलेल्या माझ्या भावाबहिणींसाठी लिहितोय. पाय बसवून देणाऱ्या सेंटरवर गेलं की आपण एवढंच सांगतो, पाय कडक लागतोय. आता त्यातनं समोरच्याला काय कळणार, तो अंदाजानं स्क्रू फिरवतो आणि आपण तसंच लंगडत घरी येतो, मी वर्षभर हेच केलं.

आधी टाचेकडं लक्ष द्या. टाच टेकल्या टेकल्या गुडघा पुढं ढकलला जातो, वाकतो, आता पडतो की काय असं वाटतं, तर टाच कडक आहे. फार मऊ असली की ती दबते, चवडा फटकन आपटतो आणि गुडघा मागंच राहतो. मग चवडा. सपाट रस्त्यावर पण चढ चढल्यासारखं वाटतंय, गुडघा मागं रेटला जातोय, तर चवडा कडक. पाऊल उचलायच्या वेळी खड्ड्यात गेल्यासारखं झालं तर मऊ.

घरात फरशीवर हे नीट कळत नाही. मला साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर कळलं, चढताना चवडा अडवत होता आणि उतरताना टाच गुडघ्याला ढकलत होती. तुम्ही पण थोडाच चढ घ्या, सोबत कोणीतरी असू द्या.

पण फुटाला दोष द्यायच्या आधी चप्पल बघा, हे फार महत्त्वाचंय! टाचेच्या बुटावर सेट केलेला पाय सपाट चपलेत घातला की नडगी मागं झुकते आणि तोच चवडा एकदम कडक वाटायला लागतो, बुटाची टाच जास्त उंच असली तर उलटं. संध्याकाळपर्यंत स्टंप, म्हणजे आपला उरलेला पाय, बारीक होऊन सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ते, ढिलं पडतं, तेव्हा स्टंपवरचा मोजा वाढवून परत चालून बघा. कार्बनचं फूट वजन आणि चालण्यावरनं निवडतात, त्यामुळं वजन वाढलं असेल तर ते पण सांगा.

हातानं दाबून काही कळत नाही, कळतं ते चालतानाच. अभ्यासातही दिसलंय की दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक पण पाय वापरणाऱ्याला चालताना जाणवतो, म्हणून "तुमचा भास आहे" असं कोणी म्हटलं तर गप्प बसू नका. स्क्रूला मात्र स्वतः हात लावू नका. बाजूनं मोबाईलवर चालतानाचा व्हिडिओ काढून घ्या आणि सेंटरवर जाताना रोजचीच चप्पल घालून जा.