अभिप्रायांतला ‘नाही’ गाळू नका

विद्यार्थ्यांचे अभिप्राय कौतुक-तक्रारीनुसार गुण देऊन गट पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला देण्याआधी त्यातले तीसेक स्वतः वाचा. वर्गच तीस-चाळीसचा असेल तर सगळे वाचूनच काढा, यंत्राची गरज नाही.

शेकडो असतील तर आधी ‘स्टॉपवर्ड’ची, म्हणजे सॉफ्टवेअर बिनकामाचे समजून गाळतं त्या शब्दांची, यादी तपासा. आणि, तर, आहे असे शब्द गाळताना बऱ्याच याद्या ‘नाही’ही गाळतात. मग ‘शेवटचं प्रकरण समजलं नाही’ याचं उरतं ‘शेवटचं प्रकरण समजलं’, आणि तक्रार कौतुकाच्या खात्यात जमा! ‘नाही’, ‘नको’, ‘कमी’ हे शब्द त्या यादीतून काढून टाका, म्हणजे ते अभिप्रायात टिकतील.

दुसरं, ‘शिकवतात छान, पण फार भरभर’ अशी वाक्यं ‘पण’पाशी तोडा. अख्ख्या वाक्याला एकच गुण दिला की बेरीज-वजाबाकी होऊन ते ‘तटस्थ’ ठरतं, आणि नेमकी कामाची गोष्ट, वेग, हरवते.

टोमणे यंत्राला अनेकदा कळत नाहीत. ‘वा, काय झोप लागली!’ याला ते खुशाल पैकीच्या पैकी देऊ शकतं. म्हणून प्रत्येक गटातली चार-पाच मूळ वाक्यं उघडून बघाच. आणि हो, फाइल बाहेरच्या सेवेवर चढवण्यापूर्वी नावं आणि हजेरी क्रमांक पुसा.