गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढताना या चुका टाळा

स्टिरिओ हलतोय, पण बाहेर येत नाही. अशा वेळी हात आपोआप जोर लावतो. तिथंच थांबा, कुठंतरी एक स्क्रू राहिलेला असतो. माझ्या जुन्या गाडीत तो एसीच्या नॉबमागे दडला होता. सापडेपर्यंत स्टिरिओभोवतीच्या फ्रेमचा कोपरा तडकून गेला होता.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पण त्याच्याही आधी रेडिओचा कोड शोधून ठेवा. होंडा, फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी सुटली की सेट कोड मागतो. कोडचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात असतं. सेकंडहँड गाडी असेल तर ते पाकीटच गायब असतं, हा भाग वेगळा.

सेट कशानं धरलाय ते गाडीगणिक बदलतं. काहींना भोवतीची फ्रेम क्लिपांवर असते आणि मागे स्क्रू असतात. जुन्या फोर्डच्या सेटला पुढूनच चार बारीक भोकं दिसतात. त्यात यू आकाराच्या दोन किल्ल्या सरकवायच्या, 'टक' असा आवाज आला की दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. या किल्ल्या स्वस्त मिळतात, तरी लोक स्क्रू ड्रायव्हर खुपसतात.

फ्रेम उचकटायला प्लास्टिकची पट्टीच वापरा, लोखंडाचा ओरखडा कायमचा राहतो. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं, गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा. आणि फ्रेम सुटली म्हणून खुशीत ओढू नका. हॅझार्ड लाइटचं बटण अनेकदा तिच्यावरच असतं आणि त्याची वायर जेमतेम वीतभर. आधी मागे हात घालून कपलरची, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगची, खटकी दाबा.

नवा सेट जोडताना सगळ्यात महागात पडते ती वायर कापायची घाई. गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, तो घ्या. कंपनीच्या वायरिंगचे रंग बाजारातल्या सेटशी जुळतीलच असं नाही, म्हणून रंग बघून जोडू नका, व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघा. नव्या सेटची पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर हवी, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवर. दोन्ही लाल वायरच्या लाइनवर गेल्या, तर गाडी बंद केली की सेव्ह केलेली स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं. उलट दोन्ही कायमच्या लाइनवर दिल्या, तर किल्ली काढली तरी सेट बंद होत नाही आणि बॅटरी उतरते. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ केली तर सेटमधला अॅम्प्लिफायर जळू शकतो.

आवाज येतोय पण एफएम खरखरतंय? अँटेनाची पिन पूर्ण बसली आहे का ते बघा. बसली असेल, तर अँटेनाच्या बुडाशी बूस्टर (सिग्नल वाढवणारा भाग) असू शकतो. त्याला नव्या सेटच्या निळ्या वायरमधून करंट द्यावा लागतो. ती वायर बहुतेक जण टेप गुंडाळून तशीच सोडून देतात.